फटींच्या खडकात पॉलिमर: दाट पाणी तेल कधी ढकलतं आणि कधी नुसतंच फिरून येतं

प्रश्न असा आहे: चुनखडकाच्या तेलसाठ्यात पाणी सोडलं की ते फटींमधून धावत चार-सहा दिवसांत उत्पादन विहिरीत पोचतं आणि खडकातलं तेल जागच्या जागी राहतं. वाळूखडकात पॉलिमर घालून दाट केलेलं पाणी जास्त तेल काढून देतं, हे तर सर्वमान्य आहे. मग तोच उपाय फटींच्या खडकात का करू नये? केला तर कोणतं पॉलिमर, किती आणि कोणत्या क्रमानं?

उत्तर फटीच्या रुंदीवर ठरतं. रुंदी माहीत नसताना पॉलिमरची पोती मागवणं म्हणजे पावडर पाण्यात घालवणं, आणि इथे ते अक्षरशः खरं आहे.

आधी वाळूखडक. चीनच्या दाचिंग क्षेत्रात १९९६ पासून औद्योगिक प्रमाणावर पॉलिमर सोडलं जातं. साठ्यातल्या मूळ तेलाच्या दहा टक्क्यांच्या आसपास जादा तेल त्यातून मिळालं. राजस्थानातल्या बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रातही पॉलिमर मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. दोन्ही ठिकाणी खडक वाळूचा आहे आणि पाणी ज्या छिद्रांतून जातं, त्याच छिद्रांत तेल असतं. पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) वाढली की पाणी तेलाला ओलांडून पुढे पळत नाही, आघाडी सरळ राहते. पॉलिमरचं काम तिथे इतकं स्वच्छ आहे.

फटींच्या खडकात पाण्याचा पत्ता एक आणि तेलाचा दुसरा. पाणी फटीत असतं, तेल फटींमधल्या ठोकळ्यांत (आम्ही त्याला मॅट्रिक्स म्हणतो). फटींचं एकूण घनफळ खडकाच्या एक टक्क्याहूनही कमी असतं, पण वाहून नेण्याची ताकद अफाट. गुळगुळीत फटीची पारगम्यता (द्रव किती सहज वाहू देते त्याचं माप, डार्सीत मोजतात) म्हणजे रुंदीचा वर्ग भागिले १२. शंभर मायक्रॉनची, म्हणजे साधारण केसाएवढी फट घ्या; तिची पारगम्यता ८४० डार्सीच्या घरात जाते. शेजारच्या चुनखडकाची दोन मिलिडार्सी असेल, तर फरक चार लाख पटींचा आहे. पाणी दहापट दाट केलं म्हणून ही चार लाखांची दरी भरत नाही.

इथेच पहिला गैरसमज दूर करायला हवा. ‘पॉलिमर रुंद फट अडवतं आणि पाणी अरुंद फटींकडे वळवतं,’ असं बरेचदा ऐकू येतं. शेजारी-शेजारी दोन फटी घ्या, एक १०० मायक्रॉनची आणि एक ३०० ची. प्रवाह रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून मोठ्या फटीतून २७ पट पाणी जातं. पॉलिमर आधी मोठीत शिरतं, तिथला रोध वाढतो आणि काही काळ पाणी लहानीकडे वळतं. हा फायदा खरा आहे, पण तात्पुरता. दोन्ही फटी पॉलिमरनं भरल्या की वाटणी पुन्हा २७ ला एक. त्यात पॉलिमर द्रावण जितक्या वेगानं वाहतं तितकं पातळ होतं. त्याचा पॉवर-लॉ घातांक (वेगाबरोबर ते किती पातळ होतं ते सांगणारा आकडा) ०.५ धरला, तर प्रवाह रुंदीच्या घनाऐवजी चौथ्या घाताप्रमाणे जातो आणि वाटणी ८१ ला एक होते. म्हणजे रुंद फटीला पॉलिमर उलट झुकतं माप देतं. अगदी मंद वाहताना हा दोष कमी होतो, कारण तेव्हा द्रावण पातळ होत नाही. पण द्रवाच्या दाटपणानं फट बंद होत नाही, एवढं पक्कं धरा. फट बंद करायला जेल लागतं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

मग पॉलिमर करतं काय? ते फटीतला दाबाचा उतार वाढवतं. फटीत मीटरमागे जेवढा दाब पडतो, तेवढाच शेजारच्या ठोकळ्याच्या दोन टोकांमध्येही पडतो. साध्या पाण्यानं तो इतका किरकोळ असतो की ठोकळ्याला तो जाणवतच नाही. पॉलिमरनं तो दहा-वीस पट वाढतो आणि थोडं पाणी ठोकळ्यातून सक्तीनं ढकललं जातं. तेल मिळतं ते या ढकलण्यातून.

हे आकड्यांत पाहू, म्हणजे रुंदीला इतकं महत्त्व का ते कळेल.

इंजेक्शन आणि उत्पादन विहिरींत ३०० मीटर अंतर आहे. रोज ३०० घनमीटर पाणी सोडतो. ट्रेसर (पाण्याबरोबर वाहणारं, वाट ओळखायला घातलेलं खुणेचं रसायन) सोडला, तो सरासरी पाच दिवसांत आला आणि त्यातला ४० टक्के भाग परत मिळाला. ३०० गुणिले ५ गुणिले ०.४, म्हणजे ६०० घनमीटर: या दोन विहिरींना जोडणाऱ्या फटींचं हे घनफळ. आता दोन विहिरींमधला पट्टा ३०० बाय ३०० मीटर, जाडी २० मीटर आणि सच्छिद्रता २५ टक्के धरा. छिद्रांचं घनफळ साडेचार लाख घनमीटर होतं. पाणी त्याच्या ०.१३ टक्के जागेत फिरतंय. ‘छिद्र-घनफळाच्या ३० टक्के पॉलिमर’ हा वाळूखडकातला हिशेब इथे का लावायचा नाही, ते यावरून दिसेल.

ट्रेसर फटीतला वेग सांगतो: दिवसाला ६० मीटर. रुंदी तो सांगत नाही. रुंदीसाठी फटीच्या मार्गावर किती दाब पडतो ते लागतं, आणि ते विहीर बंद करून घेतलेल्या दाब-चाचण्यांतून काढावं लागतं. समजा ते २ बार निघालं. साठ्याच्या तापमानाला पाण्याची व्हिस्कॉसिटी ०.५ सेंटिपॉइज (व्हिस्कॉसिटीचं एकक) धरली, तर रुंदी येते सुमारे ८० मायक्रॉन. तेवढा प्रवाह न्यायला अशा फटी दर २४ सेंटिमीटरला एक हव्यात. हा झाला पहिला खडक: बारीक आणि दाट फटींचा.

आता दाब २ बारऐवजी फक्त ०.०५ बार पडत असेल तर? ट्रेसर तोच, पाच दिवस तेच, पण रुंदी येते ५०० मायक्रॉन आणि फटींमधलं अंतर दीड मीटर. दुसरा खडक: मोजक्या, रुंद फटींचा.

दोन्हींत व्हिस्कॉसिटी दहापट करणारं पॉलिमर सोडा. पहिल्यात फटीचा उतार मीटरमागे ६६७ पास्कलवरून ६,७०० पास्कलवर जातो; दुसऱ्यात १७ वरून १६७ वर. ठोकळा दोन मिलिडार्सीचा आणि त्यातल्या तेल-पाण्याची एकत्रित हालचाल ५ सेंटिपॉइजच्या द्रवासारखी धरली, तर पहिल्या खडकात हा दाब २४ सेंटिमीटरचा ठोकळा सुमारे नऊ महिन्यांत पार करतो. दुसऱ्यात दीड मीटरचा ठोकळा पार करायला पावणेदोनशे वर्षं. ट्रेसर एकच आणि पॉलिमर एकच, तरी एका ठिकाणी प्रकल्प उभा राहतो आणि दुसऱ्या ठिकाणी पावडरचा खर्चही निघत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: ट्रेसर आणि दाब-चाचणी या दोन्ही हातात नसतील तर पॉलिमरच्या बैठकीला बसूच नये. फक्त ट्रेसर पाहून ‘लवकर आला, म्हणजे पॉलिमर हवं’ असा निष्कर्ष काढणं ही या विषयातली सर्वांत महाग चूक आहे.

उतार दहापट वाढवण्याची किंमतही लक्षात ठेवा. पहिल्या खडकात दोन विहिरींमधला २ बार आता २० बार झाला. तो इंजेक्शन विहिरीच्या तळाशी सोसला पाहिजे. खडक फाटण्याचा दाब जवळ असेल तर बारीक फटी रुंदावतात, आणि रुंदी दुप्पट झाली की त्याच वेगाला उतार एक चतुर्थांश राहतो. पॉलिमरनं कमावलेलं पॉलिमरच घालवतं. स्टेप-रेट चाचणी (टप्प्याटप्प्यानं प्रवाह वाढवून दाब पाहणं) घेऊन फाटण्याचा दाब आधी काढा आणि तळाचा दाब त्याच्या खाली ठेवा. वाळूखडकात पॉलिमर आत जावं म्हणून विहिरीजवळ थोडी फाट मुद्दाम होऊ देतात; नैसर्गिक फटींच्या खडकात ती सवलत घेऊ नका.

आता दुसरा निर्णायक मुद्दा: खडकाला पाणी आवडतं की तेल. यालाच वेटेबिलिटी म्हणतात.

खडक पाणी शोषणारा असेल तर केशाकर्षणानं पाणी आपणहून ठोकळ्यात शिरतं आणि तेल बाहेर काढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. दोन मिलिडार्सीच्या चुनखडकात छिद्रांच्या मानेची त्रिज्या पाव मायक्रॉनच्या आसपास असते आणि केशिक दाब एक बारपर्यंत जातो. मघाशी पॉलिमरनं मिळवलेला उतार २४ सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर जेमतेम १,६०० पास्कल होता. एक बार म्हणजे एक लाख पास्कल. शोषणाची ताकद ढकलण्याच्या साठपट आहे. अशा खडकात साधं पाणी हळू सोडणं, मधून मधून विहीर थांबवून खडकाला शोषायला वेळ देणं, हे पॉलिमरपेक्षा स्वस्त आणि बहुधा जास्त उपयोगाचं ठरतं. नॉर्वेचं एकोफिस्क याचं मोठं उदाहरण आहे. १९६९ मध्ये सापडलेला हा खडूचा, फटींनी भरलेला साठा. १९८७ पासून तिथे समुद्राचं पाणी सोडलं जातं. सुरुवातीला मूळ तेलाचा पाचवा हिस्साही मिळेल अशी अपेक्षा नव्हती. पुढे अंदाज निम्म्याच्या आसपास गेला. ते काम साध्या समुद्राच्या पाण्यानं केलं. त्या पाण्यातलं सल्फेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गरम खडूची पाण्याबद्दलची ओढ वाढवतात, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

खडक तेलाला धरून ठेवणारा असेल तर तोच एक बार उलटा उभा राहतो. पाण्याला ठोकळ्यात शिरायलाच एवढा अडथळा ओलांडावा लागतो आणि पॉलिमरचे १,६०० पास्कल त्यापुढे काहीच नाहीत. नऊ महिन्यांचा वरचा हिशेब तेव्हा लागू होत नाही. इथे सर्फॅक्टंट (साबणासारखं, पृष्ठताण कमी करणारं रसायन) लागतं. तेल-पाण्यातला पृष्ठताण २५ मिलिन्यूटन प्रति मीटरवरून ०.०१ वर आणला की तो एक बारचा अडथळा ४० पास्कलवर येतो, आणि मग १,६०० पास्कल पुरून उरतात. म्हणून तेलधार्जिण्या, बारीक फटींच्या खडकात पॉलिमर आणि सर्फॅक्टंट एकत्र अर्थपूर्ण ठरतात: सर्फॅक्टंट दार उघडतं, पॉलिमर त्याला दारातून आत ढकलतं. एकटं सर्फॅक्टंट फटीतून धावत निघून जातं आणि एकटं पॉलिमर दाराबाहेरच थांबतं.

खडक कोणत्या बाजूचा आहे ते ठरवायला अ‍ॅमॉट चाचणी. तेलानं भरलेला गाभ्याचा (विहिरीतून कापून आणलेल्या खडकाचा) तुकडा साठ्याच्या पाण्यात, साठ्याच्याच तापमानाला बुडवून ठेवायचा आणि वरच्या काचनळीत जमणारं तेल रोज मोजायचं. खोलीच्या तापमानाला केलेली चाचणी दिशाभूल करते. तुकड्याच्या कडेला आधी बारीक थेंब दिसतात, ते फुगतात, सुटतात आणि नळीत वर चढतात. थेंब सगळ्या बाजूंनी सारखे येत असतील तर शोषण चांगलं चाललंय; फक्त वरच्या तोंडाशीच जमत असतील तर केशाकर्षण मंद पडलंय आणि तेल गुरुत्वानं वर सरकतंय. हा फरक नळीतल्या आकड्यात दिसत नाही, डोळ्यांनी पाहावा लागतो. तुकड्याचे फोटो काढून ठेवाच.

प्रयोगशाळेतल्या वेळेवरून मैदानातला वेळ काढताना लांबीचा वर्ग घ्यायचा. ४ सेंटिमीटरच्या तुकड्याला दोन दिवस लागले, तर २४ सेंटिमीटरच्या ठोकळ्याला ७२ दिवस आणि दीड मीटरच्या ठोकळ्याला पावणेआठ वर्षं. शोषणाचा वेळ तेल आणि पाणी यांच्या व्हिस्कॉसिटींच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. पाणी दहापट दाट झालं आणि तसंच आत शिरलं तर शोषण तिपटीहून जास्त मंदावेल. म्हणजे पाणी आवडणाऱ्या खडकात पॉलिमर अपायही करू शकतं.

‘तसंच आत शिरलं तर’ म्हणालो, कारण बहुतेक वेळा ते शिरत नाही. मोठ्या रेणुभाराच्या एचपीएएमचा (या कामात नेहमी वापरतात त्या पॉलिमरचा) वेटोळा साधारण पाव ते अर्धा मायक्रॉनचा, आणि दोन मिलिडार्सीच्या खडकातली छिद्राची मानही तेवढीच. रेणू फटीच्या भिंतीवर गाळले जातात आणि पाणी एकटं आत जातं. फायदा असा की आत साधं पाणीच गेल्यानं शोषण मंदावत नाही. तोटा असा की भिंतीवर पॉलिमरची साय धरते. उलट दिशेनं बाहेर येणारा तेलाचा थेंब याच भिंतीतून सुटायचा असतो, आणि साय जाड झाली की तो अडकतो. त्यामुळे फटींच्या खडकासाठी ‘सर्वांत मोठा रेणुभार, सर्वांत जास्त दाटपणा’ हा मोह टाळा. वाळूखडकात दीड-दोन कोटी डाल्टनचं पॉलिमर सर्रास वापरतात; इथे तीस ते ऐंशी लाखांच्या दरम्यान राहा, हवा तो दाटपणा मात्रा थोडी वाढवून मिळवा. साय पाहायची असेल तर फट पाडलेल्या गाभ्यातून द्रावण वाहवा, गाभा उघडा आणि फटीच्या तोंडावर बोट फिरवा. बुळबुळीत, ओलसर थर लागला आणि तो मिठाच्या पाण्यानं धुऊनही निघत नसेल, तर पावडर किंवा गाळणी बदलायला हवी.

रासायनिक बाजूला दोन शत्रू: तापमान आणि कठीण पाणी. एचपीएएममधले अमाइड गट उष्णतेनं कार्बोक्सिलेटमध्ये बदलत जातात आणि कार्बोक्सिलेटला कॅल्शियम भेटला की पॉलिमर साक्यासारखं खाली बसतं. मर्यादा साधारण अशी: पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून २,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असेल तर ७५ अंशांपर्यंत, ५०० असेल तर ८८, २७० असेल तर ९६ अंश. चुनखडकात ही मर्यादा आणखी आवळते, कारण खडक स्वतःच कॅल्शियम देतो. मऊ पाणी सोडलं तरी वाटेत ते कठीण होतं. त्यापुढच्या तापमानाला सल्फोनेट गट असलेली कोपॉलिमरं लागतात आणि ती महाग असतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांच्या मनात इथे मुंबई हाय येणारच. १९७४ मध्ये सापडलेल्या त्या क्षेत्राचा मुख्य साठा एल-३ हा थरांचा चुनखडक आहे, तापमान १०० अंशांच्या वर आणि तेल हलकं. हलक्या तेलाला पाणी दाट करून देण्याची गरज मुळातच कमी असते, समुद्राचं पाणी कठीण आणि साठा गरम. दाचिंगची पाककृती तिथे उचलून ठेवता येणार नाही. दख्खनचा कातळही तेलाचा साठा होऊ शकतो: गुजरातेत वडोदऱ्याजवळच्या पादरा क्षेत्रात सह्याद्रीच्याच काळ्या पाषाणाच्या झिजलेल्या, फुटलेल्या थरांतून तेल येतं. अखंड बेसाल्टच्या ठोकळ्यात तेल जवळपास नसतंच. ते फटींत आणि झिजलेल्या पोकळ्यांत असतं. तिथे ठोकळ्यावर दाब टाकण्याचा आत्तापर्यंतचा सगळा युक्तिवाद गळून पडतो.

जड तेलाचं काय? तेल दहा ते शंभर सेंटिपॉइजचं, तापमान ७५ च्या खाली, फटी बारीक आणि जवळजवळ, खडक मिश्र ओढीचा: पॉलिमरला सर्वांत अनुकूल जागा ही. तेल आणखी जड आणि फटी रुंद असतील तर पॉलिमरचा नाद सोडा आणि वाफेकडे वळा. ओमानच्या कार्न आलम क्षेत्रात फटींच्या चुनखडकातलं जड तेल वाफेनं गरम करून गुरुत्वानं खाली निथळवतात. तिथे रुंद फटी उलट कामाला येतात.

जागा योग्य ठरली असं धरून आता द्रावण.

१,००० पीपीएम म्हणजे घनमीटरला एक किलो. रोज ३०० घनमीटर सोडायचं तर ३०० किलो सक्रिय पॉलिमर. पावडरीत सुमारे दहा टक्के ओल असते, म्हणून ३३० किलो मोजा. थेट १,००० चं द्रावण करत नाहीत. आधी ५,००० पीपीएमचं मूळ द्रावण करतात, रोज ६० घनमीटर, आणि मग २४० घनमीटर पाण्यात ते मिसळतात. पावडर पाण्याला भेटते तो क्षण सर्वांत नाजूक. पिठल्यात बेसन एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आत पीठ कोरडंच राहतं. हुबेहूब तेच इथे होतं. प्रत्येक कण सुटा भिजला पाहिजे. म्हणून पावडर हवेच्या झोतानं किंवा पाण्याच्या पडद्यातून सोडतात. दमट हवेत हॉपरच्या तोंडाशी पावडर चिकटते, तिथे कोरडा नायट्रोजन किंवा कोरडी हवा फिरती ठेवा. त्यानंतर टाकीत तासभर, गार पाणी असेल तर दीड तास, मंद ढवळणं. ढवळणारं पातं मोठं आणि हळू फिरणारं हवं; भरभर फिरणारं लहान पातं रेणू तोडतं.

मूळ द्रावण सेंट्रिफ्यूगल पंपातून कधीही नेऊ नका. प्लंजर किंवा स्क्रू पंप लावा. विहिरींमध्ये प्रवाह वाटायला साधा चोक (प्रवाह आवळणारी झडप) लावला आणि त्यावर मोठा दाब तोडला, तर तयार द्रावणाचा निम्मा दाटपणा तिथेच जाऊ शकतो. दाब हळूहळू पाडणारे, लांब गुंडाळीचे नियंत्रक मिळतात, ते घ्या. दाटपणा विहिरीच्या तोंडाशी, हवाबंद सिलिंडरमध्ये नमुना घेऊन मोजायचा. नळ उघडून बाटलीत धरलेला नमुना नळातच तुटलेला असतो. ब्रूकफील्डवर (दाटपणा मोजणाऱ्या यंत्रावर) यूएल अडॅप्टर, ६ आरपीएम, म्हणजे ७.३४ प्रति सेकंद शिअर (द्रवाचे थर एकमेकांवरून घसरण्याचा वेग), साठ्याच्या तापमानाला. हा शिअर सोयीचा आहे, पण आपल्या ८० मायक्रॉनच्या फटीत दिवसाला ६० मीटर वेगानं भिंतीजवळचा शिअर ५० च्या आसपास येतो. म्हणून ७.३४ ला मोजलेला आकडा जसाच्या तसा उताराच्या हिशेबात घालू नका. ५० ला पण मोजा, तो कमीच निघेल आणि खरा तोच आहे. टाकीपासून विहिरीच्या तोंडापर्यंत दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली तर पाइपलाइन तपासा, मात्रा वाढवू नका.

गाळण चाचणी रोज करा: १.२ मायक्रॉनच्या पडद्यातून ठरलेल्या दाबानं द्रावण सोडायचं, शेवटच्या आणि सुरुवातीच्या सारख्याच घनफळाला लागलेला वेळ एकमेकांना भागायचा. गुणोत्तर १.२ च्या आत हवं. वाळूखडकातले लोक १.५ पर्यंत चालवून घेतात. फटीच्या भिंतीवरची साय लक्षात घेता मी चालवून घेणार नाही.

लोह आणि ऑक्सिजन ही जोडगोळी वेगळी ओळखा. फक्त ऑक्सिजन किंवा फक्त फेरस लोह असेल तर पॉलिमर बऱ्यापैकी टिकतं. दोन्ही भेटले की फ्री रॅडिकल तयार होऊन साखळ्या तुटतात आणि काही तासांत द्रावण पाण्यासारखं होतं. टाक्यांवर नायट्रोजनचं आच्छादन ठेवा, पंपाच्या गळक्या पॅकिंगमधून हवा शोषली जात नाही ना ते बघा. ऑक्सिजन काढणारं रसायन घातल्यावर द्रावण पुन्हा हवेला लागलं तर नुकसान उलट वाढतं.

सोडायला सुरुवात झाली की हॉल आलेख रोज काढा: दाब गुणिले दिवस यांची साठत जाणारी बेरीज उभ्या अक्षावर, एकूण सोडलेलं पाणी आडव्या. फटींच्या खडकात विहीर पॉलिमर आनंदानं पिते आणि दाब हलत नाही; पुष्कळ जण याला ‘इंजेक्टिव्हिटी छान’ म्हणतात. ती वाईट बातमी आहे. फटींचं घनफळ ६०० घनमीटर आणि फटींकडे जाणारा प्रवाह रोज १२० घनमीटर, म्हणजे पाच-सहा दिवसांत फटी भरायला हव्यात. भिंतीवर चिकटणारं पॉलिमर धरून दुप्पट दिवस द्या. दोन आठवड्यांनीही आलेखाचा उतार वाढला नाही, तर दाब ठोकळ्यांवर पडतच नाहीये: खडक दुसऱ्या प्रकारचा आहे किंवा द्रावण वाटेत तुटलंय. आधी विहिरीच्या तोंडाचा नमुना पाहा. तो ठीक असेल तर पॉलिमर थांबवा.

मग जेल. अमेरिकेत वायोमिंगच्या बिग हॉर्न खोऱ्यातल्या नैसर्गिक फटींच्या क्षेत्रांत १९८० च्या दशकात मॅरेथॉन कंपनीनं क्रोमियम अ‍ॅसिटेटनं जोडलेलं पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड जेल वापरून दाखवलं. नेहमीची कृती: ०.५ टक्के पॉलिमर, ०.०४१७ टक्के क्रोमियम अ‍ॅसिटेट, म्हणजे बाराला एक. तयार जेलला वाहायला ठरावीक किमान दाब लागतो आणि तो रुंदीच्या वर्गाच्या उलट वाढतो: एक मिलिमीटरच्या फटीत मीटरला साधारण तीन बार, अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत त्याच्या चौपट. म्हणूनच जेल रुंद फटीत शिरतं, बारीक फटीत शिरत नाही, आणि पॉलिमरला जी निवड जमत नाही ती त्याला जमते. पण त्याच कारणानं आपल्या ५०० मायक्रॉनच्या फटीत पिकलेलं जेल तीस मीटरही ढकलता येणार नाही. ३०० बारच्या वर लागतील. तिथे ते कच्चं असतानाच पोचवावं लागतं. तापमान वाढलं की जेल लवकर धरतं, म्हणून धरण्याचा वेळ साठ्याच्या तापमानाला बाटलीत मोजून मगच पंपाचा वेग ठरवा. जेल फटीतून जाताना त्यातलं पाणी खडकात झिरपतं, जेल घट्ट होतं, पुढे लागणारी मात्रा वाढते. फटींच्या घनफळाएवढं जेल पुरत नाही, दीड-दोन पट धरा. सोडून झाल्यावर साध्या पाण्यानं नळी धुवा आणि विहीर पूर्ण धरेपर्यंत बंद ठेवा. घाई केली तर पाणी ओल्या जेलमधून सुरुंगासारखी वाट काढतं आणि ती वाट पुन्हा बुजत नाही.

रुंद फटी जेलनं बुजल्यावर ट्रेसर पुन्हा सोडा. आता तो उशिरा येतो, दाबाचा फरक वाढलेला असतो, आणि तुमच्या हातात कदाचित पहिल्या प्रकारचा खडक आलेला असतो. पॉलिमरचा हिशेब तेव्हा नव्यानं मांडायचा.

उत्पादनाच्या बाजूची तयारी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. ट्रेसरचा ४० टक्के भाग पाच दिवसांत परत आला, तसं पॉलिमरही येणार, रोज शंभर किलोच्या वर. सेपरेटरमध्ये तेल-पाणी वेगळं व्हायला जास्त वेळ लागेल, हीटर ट्रीटरच्या (तेल तापवून पाणी वेगळं करणाऱ्या टाकीच्या) नळ्यांवर तपकिरी, चिवट थर बसेल, आणि धनभारित इमल्शन-तोडी रसायनं ऋणभारित पॉलिमरशी जुळून चिकट गोळे करतील. ती रसायनं आधीच बदला. परत आलेलं पाणी टाकून देऊ नका. त्यात जे पॉलिमर शिल्लक आहे ते मोजा आणि पुढच्या खेपेच्या मिश्रणात त्याची वजावट धरा.